शिलाई मशीनपाशी मार्क

आमच्या गावच्या ख्रिस्ती मंडळीला स्वतःचा पाळक नाही. पांढरकवड्याच्या आसपासच्या काही गावांना मिळून एकच पाळकसाहेब आहेत, आणि पावसाळ्यात नाला भरला की त्यांची गाडी पलीकडेच राहते. मग उपासना आमच्यातलंच कोणीतरी उरकतं. दोन गीतं, एक स्तोत्र, प्रभूची प्रार्थना, की लोक चपला शोधायला लागतात.

सासरे सांगायचे, यवतमाळला सेमिनरी, म्हणजे पाळक घडवणारं विद्यालय, होती तेव्हा एवढी ओढाताण नव्हती. ती 1953 साली सुरू झाली आणि 1983 साली पुण्याला हलली. शिकलेली माणसं जिल्ह्यातच होती. वचन सांगायचं त्यांनी. आपण ऐकायचं, दान टाकायचं आणि नाताळाला पताका लावायच्या, अशी वाटणी कोणी न ठरवताच पडून गेली. सेमिनरी गेली तरी वाटणी तशीच राहिली. मीही त्यातच वाढले. मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या 28व्या अध्यायातली येशूची महान आज्ञा मला संडे स्कूलपासून पाठ आहे. सर्व राष्ट्रांतील लोकांना शिष्य करा, त्यांना बाप्तिस्मा द्या, जे काही मी सांगितलं ते पाळायला शिकवा. पाठांतराला बक्षीस म्हणून स्टीलचा डबा मिळाला होता, त्यात आता मी हुक आणि बटणं ठेवते. पण हे वचन ऐकलं की डोळ्यांपुढे यायचा तो टाय लावलेला, माइक धरलेला माणूस. माझ्यासारख्या ब्लाउज शिवणाऱ्या बाईचा त्यात काही संबंध असेल असं वाटायचं नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात पाळकसाहेबांनी बायबलातलं ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तक वाचायला घेतलं. 8व्या अध्यायात यरुशलेमेतल्या मंडळीचा छळ सुरू होतो आणि सगळ्यांची पांगापांग होते. तिथे ते थांबले. म्हणाले, "कोणाची पांगापांग झाली ते पाहा. प्रेषितांखेरीज सगळ्यांची. मोठी माणसं यरुशलेमेतच राहिली. सुवार्ता घेऊन गेली ती ही बाकीची, कोणी भाकरी बांधून, कोणी लेकरू कडेवर घेऊन." मग 11वा अध्याय. अंत्युखियात ग्रीक लोकांना पहिल्यांदा प्रभूविषयी सांगणारे कोण, तर कुप्र आणि कुरेने इथली काही माणसं. नाव एकाचंही दिलेलं नाही. नावाजलेले प्रचारक मागून: बर्णबा नंतर आला, पौल त्याहून नंतर. आणि शिष्यांना ख्रिस्ती हे नाव पहिल्यांदा मिळालं ते त्याच गावात.

उपासना सुटल्यावर त्यांनी दारातच एकेकाला विचारलं, "तुमच्याकडे रोज कोण येतं?" मी म्हटलं, शिलाई शिकणाऱ्या पोरी. "त्यात आपल्या मंडळीची कोण?" एकच होती. "मग तिच्यासोबत बसा," म्हणाले, आणि पुढच्या माणसाकडे वळले.

तिचं नाव लिहीत नाही, तिनंच नको म्हटलं. परतवाड्याकडची, ख्रिस्ती घरातलीच पोरगी, लग्न होऊन आमच्या गावात आलेली. ‘उपासना संगीत’मधली कितीतरी गीतं पान न उघडता म्हणायची. नारायण वामन टिळकांचा अभंग खंजिरीवर धरला की रस्त्यावरची माणसं थांबून ऐकायची. पण बायबल तिनं स्वतः उघडून कधी वाचलं नव्हतं. लग्नात मिळालेली प्रत साडीच्या पिशवीत घालून कपाटावर ठेवली होती, खराब होऊ नये म्हणून.

पाळकसाहेबांना विचारलं, तिला शिकवू काय? एकदा नागपूरच्या शिबिरातून मी रंगीत तक्त्यांची फाइल आणली होती, ती काढू का? ते म्हणाले, फाइल राहू द्या, मार्क घ्या. चारी शुभवर्तमानांत तोच लहान, 16 अध्यायांचा. आणि त्यांनी 3ऱ्या अध्यायातली एक ओळ दाखवली. येशूने बारा जण निवडले ते आधी त्यांनी त्याच्याजवळ असावं म्हणून, आणि मग त्यांना पाठवावं म्हणून. "आपण जवळ ठेवत नाही, एकदम पाठवायला निघतो," एवढंच बोलले.

पद्धत साधी होती. पेरणी आटोपल्यावर आम्ही बसायला लागलो. दुपारची जेवणं झाली की मशीनवरचं कापड बाजूला सारायचं. एक उतारा मोठ्यानं वाचायचा, पुन्हा वाचायचा. मग पुस्तक मिटून तिनं तो आपल्या शब्दांत सांगायचा. नंतर तीन गोष्टी बोलायच्या: देवाविषयी काय कळलं, माणसाविषयी काय कळलं, आणि या आठवड्यात मी काय करणार. या शेवटच्याला ‘चांगलं वागीन’ हे उत्तर चालायचं नाही. कोणाशी, कुठं, काय, ते सांगायचं. पुढच्या वेळी बसल्याबरोबर पहिली विचारपूस त्याचीच. आणि ही विचारपूस दोघींची व्हायची, माझीही.

पहिले काही दिवस ती लाजायची. अक्षराला अक्षर लावून वाचायची, घाम पुसायची. बोलायला लागली ती 2ऱ्या अध्यायात, चौघं जण पक्षाघाती माणसाला खाटेवरून आणतात तिथे. पुस्तक मिटलं आणि ही सुरू झाली:

"गर्दी लय होती, काकू. दारातून जाताच येत नव्हतं. मंग ते चौघं वर चढले, छप्पर उसकललं, अन् खाट सोडली खाली. येशूनं आधी त्या खाटेवरच्याले नाई पाह्यलं, त्या चौघाईचा विश्वास पाह्यला." मग जरा थांबून, "पन घरवाला काऊन गप राह्यला वो? आपले कवेलू काढले असते तं आपन गाव डोक्यावर घेतलं असतं."

या उताऱ्यावर मी लहानपणापासून संदेश ऐकत आले. घरमालकाचा विचार कधी मनात आला नव्हता. त्या आठवड्यात तिनं ठरवलेलं काम असं होतं: शेजारच्या म्हातारीला खाटेसकट नाही, पण हात धरून प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यायचं, बीपीच्या गोळ्यांसाठी. नेलं.

श्रावणात 5वा अध्याय आला. थडग्यांत राहणारा, साखळदंड तोडणारा तो माणूस बरा होतो आणि येशूला म्हणतो, मला तुझ्यासोबत राहू दे. येशू नको म्हणतो. आपल्या घरी, आपल्या माणसांकडे जा आणि प्रभूनं तुझ्यासाठी काय केलं ते सांग, म्हणतो. तो जातो आणि दकापलीस मुलखभर सांगत सुटतो. हे सांगून झाल्यावर ती गप्प बसली. मला वाटलं, दुष्टात्म्यांचं काही विचारेल. तिनं विचारलं ते वेगळंच.

"याले तं कोनं काईच शिकवलं नव्हतं, काकू. सकाळी बरा झाला अन् संध्याकाळी पाठवला."

"हाव."

"मंग मी पाच अध्याय वाचले नं."

मी म्हटलं, मार्क पूर्ण होऊ दे. ती म्हणाली, त्याचा कुठं झाला होता? याला उत्तर नव्हतं. पाळकसाहेबांना फोन केला तर ते हसायला लागले. म्हणाले, पौलानं आपला तरुण सोबती तीमथ्य याला काय लिहिलं ते काढा, दुसऱ्या पत्राच्या 2ऱ्या अध्यायातलं. पौलाकडून ऐकलेलं तीमथ्यानं विश्वासू माणसांना सोपवायचं, आणि त्यांनी आणखी दुसऱ्यांना. एका ओळीत चार पिढ्या. पोरीला अडवू नका.

तिच्या वेचणीच्या टोळीत एक बाई होती, तिच्यापेक्षा वयानं मोठी. मंडळीतली नव्हे, दुसऱ्या धर्माची. तिनंच हिला विचारलं होतं की दुपारी शिलाईवाल्या काकूंकडे तुम्ही वाचता काय. इथे मात्र मी आधी हात धरला. आपल्या भागात अशा गोष्टीचा काय अर्थ लावला जातो ते सगळ्यांना माहीत आहे. पैसे दिले, मशीन देतो म्हटले, औषध बंद करायला लावलं, असं काहीही उठतं, आणि काही ठिकाणी ते खरंही असतं, हे आपण ख्रिस्ती लोकांनी कबूल करायला हवं. राज्यघटनेच्या 25व्या कलमानं आपला धर्म मानण्याची, आचरण्याची आणि त्याचा प्रसार करण्याची मोकळीक दिली आहे, सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून. पण गावात राहायचं तर कलमाइतकंच उघडं दार लागतं.

म्हणून आम्ही काही गोष्टी ठरवल्या. शिलाईच्या तासाला बायबल टेबलावर येणार नाही, कारण बाकीच्या पोरी फी देऊन टाके शिकायला येतात आणि त्यांच्या घरच्यांनी त्यासाठीच पाठवलेलं असतं. वाचायला बसायचं ते ओसरीत, रस्त्यावरून दिसेल असं. त्या बाईच्या नवऱ्याला आधी सांगायचं. प्रार्थना करू, पण तुझं दुखणं जाईलच असं वचन द्यायचं नाही, आणि गोळी चुकवायची नाही. पोरगी स्वतः जाऊन त्या नवऱ्याशी बोलली. तो म्हणाला, वाचा, पण मजुरीची खाडी पडू देऊ नका. एवढी सोपी परवानगी मिळेल असं मला वाटलं नव्हतं.

मंडळीतूनच आक्षेप आला. एक वडील, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणारे ज्येष्ठ, म्हणाले, शिकलेलं माणूस नको का? आणि बायांनी शिकवायचं? पाळकसाहेब त्या रविवारी आले होते. त्यांनी कृत्यांचा 18वा अध्याय काढला. अपुल्लो हा मोठा वक्ता, शास्त्रांत प्रवीण. पण त्याला माहीत होता तो फक्त योहानाचा बाप्तिस्मा. त्याला बाजूला घेऊन देवाचा मार्ग नीट समजावून सांगितला तो प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला या जोडप्यानं, आणि त्यांचा धंदा तंबू करण्याचा. मग विल्यम केरी या मिशनऱ्याचं निघालं. इंग्लंडात जोडे शिवणारा माणूस. त्याच्या हातून 1805 साली बंगालातल्या सेरामपूरला मराठीत मत्तय छापून निघाला. वडील म्हणाले, "म्हणजे तंबू शिवणारे झाले, जोडे शिवणारा झाला, आता ब्लाउज शिवणारी?" सगळे हसले, तेही हसले. त्यांचं पूर्ण समाधान झालं असं नाही. अजूनही ते आमच्या बैठकीला ‘बायांचं ते’ म्हणतात.

दसऱ्यानंतर कापूस फुटला आणि पुस्तकातल्या गोष्टी शेतात यायला लागल्या. पहिली अडचण सीतादहीची. पहिल्या वेचणीच्या दिवशी शेतात पूजा मांडतात, दहीभाताचा नैवेद्य दाखवतात, मग वेचणी सुरू. पोरगी दुसऱ्याच्या शेतात मजुरीला जाते. मालकीण सगळ्या बायांना तो दहीभात वाटते. आदल्या रात्री हिनं विचारलं, खाऊ की नको? आजवर खातच आली होती, आणि कोणी विचारलंही नव्हतं.

मी उत्तर दिलं नाही. करिंथकरांच्या पहिल्या पत्रातला 8वा आणि 10वा अध्याय तिच्यासमोर ठेवला, मूर्तीला वाहिलेल्या अन्नाविषयीचा. पौल दोन्हीकडून बोलतो. खाल्ल्यानं काही बिघडत नाही असंही म्हणतो, आणि कोणी हे नैवेद्याचं आहे असं सांगितलं तर त्या सांगणाऱ्यासाठी खाऊ नका असंही म्हणतो. तिनं दोनदा वाचलं. सकाळी मालकिणीला जाऊन म्हणाली, "माय, पूजेले मी हात जोडनार नाई, नैवेद्याचं घेनार नाई, पन तुमच्या पंगतीत बसून माई भाकर खाईन." मालकीण जरा रागावली. मग घरून आणलेलं, पूजेला न लावलेलं दही तिच्या भाकरीवर घातलं. हे ऐकून तेच वडील म्हणाले, एवढं काय, दहीच तर होतं. माझं मत विचाराल तर दोघांचंही बरोबर असू शकतं. मला आनंद झाला तो वेगळ्या गोष्टीचा: निर्णय तिनं घेतला होता, पुस्तक उघडून, आणि मालकिणीला तोंडावर सांगितला होता. मी ‘नको खाऊ’ म्हटलं असतं तर ती आजारी असल्याचं सांगून घरी बसली असती.

दुसरी गोष्ट ओल्या कापसाची. वेचणीची मजुरी किलोवर असते. पहाटेचं दव असताना वेचलेला कापूस जड भरतो, हे ज्यांनी ओटी बांधली आहे त्यांना सांगायला नको. काही बाया गाठोड्यावर पाण्याचा हातही फिरवतात. मालक ओरडतो, कारण पुढे त्याच्या कापसात ओल निघाली तर भाव पडतो, आणि सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, खरेदीत 12 टक्क्यांच्या वर ओल असली तर कापूस घेतच नाहीत. पण मालकही काही वेळा काटा मारतो, म्हणून बायांना त्यात वावगं वाटत नाही. फिट्टंफाट.

10व्या अध्यायात तो श्रीमंत माणूस धावत येतो आणि येशू त्याला आज्ञा सांगतो. खून करू नको, व्यभिचार करू नको, चोरी करू नको, खोटी साक्ष देऊ नको, आणि मध्येच: ठकवू नको. दहा आज्ञांच्या आमच्या पाठांतरात हे वाक्य नव्हतं, म्हणून मीही तिथे अडखळले. ती म्हणाली, "हे श्रीमंताले सांगतलं." मी म्हटलं, हाव. पुस्तक मिटलं. जाताना दारातून म्हणाली, "मायं बी गाठोडं तोलल्या जाते."

पुढच्या आठवड्यात विचारपूस झाली तेव्हा कळलं. तिनं पाण्याचा हात बंद केला होता आणि दव उतरल्याशिवाय ओटी भरत नव्हती. मजुरी कमी पडली होती. टोळीतल्या बाया तिला ‘भक्तीण’ म्हणायला लागल्या. नवरा कुरकुरला. मी काही तिचं कौतुक करू शकले नाही. पैसे तिचे गेले होते, माझे नव्हे. त्या दिवशी मी फक्त तिच्यासोबत प्रार्थना केली आणि जाताना ज्वारीचं पीठ दिलं. तिनं घेतलं नाही. म्हणाली, लोक म्हणतील, त्याच्यासाठी करते.

तिच्यासोबत वाचणारी ती टोळीतली बाई हे सगळं पाहत होती. तिनं स्वतःचं गाठोडं ओलं करणं सोडलं की नाही, मला माहीत नाही. मी विचारलं नाही, कारण ते विचारायचं काम आता माझं नव्हतं.

सगळ्यांत जास्त वेळ गेला तो 11व्या अध्यायात. तुम्ही प्रार्थना करायला उभे राहता तेव्हा कोणाविरुद्ध तुमच्या मनात काही असेल तर त्याची क्षमा करा. पोरीची मोठी जाऊ भिंतीला भिंत लावून राहते. सासूची सोन्याची पोत जावेला गेली, त्यावरून दोघी बोलत नव्हत्या. निरोप लेकरांच्या हाती जायचे. ओळ वाचून झाली तशी ती म्हणाली, "समजलं, पुढं घ्या." पुढच्या खेपेला विचारलं, काय केलं? काही नाही. त्याच्या पुढच्या खेपेला, काही नाही. आम्ही तोच उतारा परत परत वाचत राहिलो. मंडळीतल्या एकीनं मला ऐकवलं, अशानं मार्क कधी संपायचा, बाई? तालुक्याला पाठवायच्या अहवालात किती पाठ झाले याचा रकाना असतो म्हणे. त्या रकान्यांचा मला मनस्वी राग आहे. पाठ झाले किती ते लिहायचं, पाळले किती ते कुठं लिहायचं?

नाताळाच्या आधी जावेचा निरोप आला, लेकराच्या हाती, की ब्लाउज शिवून देतं का कोणी. कापड माझ्याकडे आलं. मी ते काही न बोलता पोरीपुढे ठेवलं. तिनं मापाचा ब्लाउज उलटा करून बराच वेळ पाहिला. मग कापलं, अस्तर जोडलं, हुक लावले, काजं हातानं केली. पैसे घ्यायचे नाहीत असं तिनंच ठरवलं आणि स्वतः नेऊन दिला. जाऊ घालून आली आणि म्हणाली, "बाही आवळते." लग्नानंतर पोतीचा वाद झाला तेव्हापासूनचं दोघींमधलं ते पहिलं वाक्य. बाही उसवून सैल केली. पोत जावेकडेच आहे आणि राहील.

मार्क आमचा फाल्गुनात संपला. आता जाऊ तिच्याकडे बसते, 1ल्या अध्यायापासून. त्या बैठकीत मला बोलावणं नसतं आणि मी जातही नाही. टोळीतली बाई अजून वाचते. बाप्तिस्म्याचं तिनं विचारलं नाही आणि आम्हीही काढलं नाही. ते काढलंच तर पाळकसाहेब आणि तिचा नवरा दोघांसमोर निघेल.

पुरुषांचं मात्र काही जमलेलं नाही. माझ्या नवऱ्यानं पाराखाली दोघातिघांना घेऊन बसायचा प्रयत्न केला. कोणी भावाचं काढायचं, कोणी बोंडअळीचं, आणि अध्याय तसाच राहायचा. पोरीच्या नवऱ्यानं मात्र परवा स्वतःहून विचारलं, तुम्ही बाया करता ते आम्हाला जमेल का? यंदा पेरणी आटोपली की दोघं बसणार आहेत. त्याची अट एकच आहे, मॅच असेल त्या दिवशी नको.